देबेद दरीतील रद्द केलेल्या पदभ्रमणाबाबत तक्रार

नौपाडा, ठाणे (पश्चिम)
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (परदेश सहली),
ठाणे कार्यालय

विषय: आर्मेनियातील देबेद नदीच्या दरीतील पदभ्रमण सहलीत तिन्ही दिवसांचे चालणे रद्द केल्याबद्दल तक्रार आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

दसऱ्यानंतर निघून दिवाळीच्या आत परतलेल्या आपल्या आर्मेनिया पदभ्रमण सहलीत आम्ही चौघे होतो: मी, माझे पती, माझी जाऊ आणि वसईची माझी मैत्रीण. माणशी १ लाख ९२ हजार रुपये आम्ही भरले. त्याच तारखांना आपली बसने फिरवणारी आर्मेनिया सहलही होती, ती १ लाख ५४ हजारांना. बुकिंगच्या वेळी मी फरकाचे कारण विचारले, तेव्हा आपल्या कार्यालयातील बाईंनी सांगितले की वरचे ३८ हजार देबेद दरीतल्या चालण्याचे, तिथल्या स्थानिक वाटाड्याचे आणि गावातल्या मुक्कामाचे. पावतीवरही ‘लोकल ट्रेकिंग गाइड समाविष्ट’ असे छापलेले आहे.

प्रत्यक्षात आम्हाला दरीत चालवले नाही. वाटाड्याचे तोंडही दिसले नाही. सगळे बसने झाले. गावातला मुक्काम तेवढा मिळाला.

आपल्या माहितीपत्रकानुसार चौथ्या दिवशी ओदझुनपासून दरीच्या काठाकाठाने कोबायरच्या मठापर्यंत, पाचव्या दिवशी हाघपातहून कायानबेर्द किल्ल्यावरून सानाहीनपर्यंत आणि सहाव्या दिवशी द्सेघ गावातून जंगलात उतरून बार्दझ्राकाशच्या पडक्या मठापर्यंत चालायचे होते. ओदझुनला अर्धा तास मिळाला आणि कोबायर रस्त्यावरून जाताना बोटाने दाखवले गेले. हाघपात आणि सानाहीन दोन्ही बसने झाले, मधला वेळ एका भेटवस्तूंच्या दुकानात गेला. द्सेघ पूर्ण रद्द झाले. त्या दिवशी आम्हाला दुपारीच येरेवानला आणून एका मॉलसमोर ‘मोकळा वेळ’ म्हणून सोडण्यात आले.

हा बदल किरकोळ का नाही, हे मला सविस्तर लिहावे लागत आहे, कारण परतल्यावर आम्ही केलेल्या ईमेलला आलेल्या आपल्या उत्तरात ‘सर्व स्थळे दाखवण्यात आली’ असे वाक्य आहे.

मी ठाण्यातल्या मराठी शाळेत इतिहास शिकवत होते. फोर्टातल्या आर्मेनियन चर्चमध्ये मी एकेकाळी मुलांना घेऊन गेले आहे. हे लोक सुरतेला, मुंबईला, मद्रासला, कलकत्त्याला व्यापारासाठी आले, मग त्यांचा देश कसा असेल, हा प्रश्न तेव्हापासूनचा. परंपरेनुसार इ.स. ३०१ मध्ये ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारणारा हा देश आहे, आणि उत्तरेकडच्या लोरी प्रांतात देबेद नदीने पठार खोल कापून जी दरी केली आहे, तिच्या दोन्ही काठांवर हजार वर्षांचे मठ उभे आहेत. खाली नदी, रेल्वे, अलावेर्दी शहरातला तांब्याचा जुना कारखाना. वर सपाट पठारावर गावे, आणि उतारांवर ओक, बीच, हॉर्नबीमची झाडी. बस खालून वर चढते आणि पुन्हा खाली उतरते. एका मठापासून दुसऱ्या मठापर्यंतची जुनी वाट मात्र गावांतून, कुरणांतून आणि घळींतून जाते. नाणेघाट चढून गेल्यावर गुहेतला नागणिका राणीचा लेख आणि पाण्याची टाकी समोर येतात, तेव्हाच तो घाट कोणासाठी खोदला होता ते कळते. देबेदच्या मठांचेही तसेच आहे. हाघपात आणि सानाहीन यांच्या मधोमध कायानबेर्दचा किल्ला का, हे मधून चालणाऱ्यालाच उमगणार. ते आम्हाला पाहायचे होते, त्यासाठी आम्ही जास्तीचे पैसे मोजले आणि पावसाळाभर ठाण्याजवळच्या येऊरच्या चढणीवर पाय तयार केले.

आता कारणांबद्दल.

हाघपातला मुक्कामी पोहोचलो त्या रात्री आपल्या टूर मॅनेजरने सांगितले की पुरामुळे वाटा बंद आहेत. देबेदला मे २०२४ मध्ये मोठा पूर आला होता, रस्ते आणि पूल वाहून गेले होते, हे खरे आहे. लोकांची घरे गेली, माणसे दगावली. पण पुराने झोडपले ते दरीच्या तळाला, आणि आमची वाट वरच्या अंगाने जाणारी. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी आणि माझे पती नाश्त्याआधी त्या वाटेने थोडे पुढे जाऊन आलो. गावाबाहेर गवताळ उतार आहे, मग वाट झाडीत शिरते. पाने पिवळी पडू लागली होती. एक आजोबा समोरून गाई घेऊन आले, त्यांनी हाताने किल्ल्याची दिशा दाखवली आणि आम्ही परत फिरू लागलो तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलेले दिसले. आमच्याच मुक्कामाच्या घरातले दुसरे पाहुणे पाठीवर पिशव्या अडकवून त्याच वाटेने सानाहीनला निघाले. घरमालकिणीने त्यांना कागदावर नकाशा काढून दिला. तो आम्हीही मागून घेतला, प्रत सोबत जोडली आहे.

हे सगळे मॅनेजरला सांगितल्यावर कारण बदलले. ‘ग्रुपमध्ये वयस्कर मंडळी आहेत, तुम्हाला झेपणार नाही, जबाबदारी आमच्यावर येते.’ हे वाक्य माझ्या जावेला सर्वांदेखत ऐकवले गेले. ती बासष्ट वर्षांची आहे आणि दर रविवारी आमच्या पुढे चालते. बुकिंगच्या वेळी आपण प्रत्येकाचे वय लिहून घेतले, डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागितले, आम्ही दिले. तेव्हा वय आड आले नाही. पैसे घेताना जे वय चालते ते वाटेवर अडथळा कसे ठरते? या बोलण्याबद्दल मला माझ्या जावेसाठी लेखी माफी हवी आहे. रकमेइतकेच मला ते महत्त्वाचे वाटते.

खरे कारण तिसरेच निघाले. मॅनेजरने ठाणे कार्यालयाला केलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकून सहलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आले: ‘लोकल गाइडचे बुकिंग झालेले नाही, बसने करून घ्या.’ तो संदेश लगेच काढून टाकण्यात आला, पण त्याआधी आमच्यातल्या दोघांनी त्याचा स्क्रीनशॉट घेतला होता. म्हणजे आम्ही ठाण्याहून निघालो तेव्हाच आपल्याला ठाऊक होते, किंवा ठाऊक असायला हवे होते, की चालणे होणार नाही. त्या वेळी सांगितले असते तर आम्ही सहल रद्द केली असती, किंवा तिथे स्वतः वाटाड्या शोधला असता.

वाटाड्या नसल्याने दुसरे नुकसान झाले ते माहितीचे. हाघपातच्या मुख्य चर्चसमोर उभे राहून मॅनेजरने सांगितले की हे रोमन लोकांनी बांधले. हे बग्रातुनी या आर्मेनियन राजघराण्याच्या काळातले काम आहे. राजा तिसरा अशोत याची राणी खोस्रोवानुश हिच्या आश्रयाने ते उभे राहिले, सूर्ब न्शान हे मुख्य चर्च ९७६ मध्ये सुरू होऊन ९९१ मध्ये पुरे झाले. पूर्वेकडच्या भिंतीवर तिचे दोन मुलगे चर्चची छोटी प्रतिकृती हातात धरून कोरलेले आहेत. मला ते शोधून इतरांना दाखवावे लागले. १२७३ चा तारणहाराचा खाचकार, म्हणजे क्रूस कोरलेली शिळा, तिथेच आहे. ग्रंथ ठेवण्याच्या दालनात जमिनीत पुरलेले मोठे रांजण आहेत. अठराव्या शतकातला कवी सायात-नोव्हा याच मठात राहिला होता. यातले एक वाक्यही आपल्या माणसाला सांगता आले नाही. हाघपात १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, २००० मध्ये सानाहीनही त्यात जोडले गेले. अशा ठिकाणी निदान आठवडाभर अभ्यास केलेला माणूस पाठवणे ही कंपनीची किमान जबाबदारी आहे.

सानाहीनमध्ये दोन चर्चच्या मधे एक चिंचोळे, कमानींचे दालन आहे. तिथे दोन्ही बाजूंच्या कट्ट्यांवर विद्यार्थी बसत आणि गुरू मधून फिरत शिकवत, असे सांगतात. जन्मभर वर्गात उभी राहिलेली मी, मला तिथे निवांत बसायचे होते. पण मॅनेजर घड्याळ दाखवत होता. माझी वसईची मैत्रीण कॅथलिक आहे. तिला आईच्या नावाने मेणबत्ती लावायची होती. तिथे बारीक मेणबत्त्या विकत घेऊन वाळूच्या तबकात खोचतात. तिने मेणबत्ती हातात घेतली आणि बाहेरून बसचा हॉर्न वाजू लागला. चर्चमध्ये जाताना स्त्रिया डोक्यावरून रुमाल घेतात हेही कोणी आधी सांगितले नव्हते, त्यामुळे आधीच रुमालासाठी तिची शोधाशोध झाली होती. ती मेणबत्ती लावून रडत बाहेर आली. हे वाचून आपल्याला काही वाटावे अशी माझी अपेक्षा आहे. तिथून आम्हाला ज्या दुकानात नेले, तिथे मात्र कोणीही घाई केली नाही.

आणखी एक गंभीर बाब. मे महिन्यात गडकरी रंगायतनजवळच्या हॉलमध्ये आपण या सहलीचे सादरीकरण केले होते. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर जे छायाचित्र आहे तेच तिथे पडद्यावर होते: कड्याच्या टोकावरचा मठ आणि खाली खोल दरी. खाली लिहिले आहे, ‘देबेद दरी’. ते छायाचित्र तातेव्हच्या मठाचे आहे. तातेव्ह देशाच्या दक्षिणेला, स्यूनिक प्रांतात, वोरोतान नदीच्या दरीवर आहे, आणि आपल्या कार्यक्रमात त्याचा उल्लेखही नाही. जी जागा दाखवायचीच नाही तिचे चित्र दाखवून लोकांकडून पैसे घेणे ही दिशाभूल आहे. पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकातही तेच छायाचित्र छापलेले मी मागच्या आठवड्यात पाहिले.

परतल्यावर आम्ही ईमेल केला. त्याला आलेल्या उत्तरात आपण अटींमधल्या एका कलमाकडे बोट दाखवले: ‘अपरिहार्य परिस्थितीत कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील.’ हवामान बिघडले, दरड कोसळली, कोणी आजारी पडले तर बदल करावा लागतो, हे सह्याद्रीत फिरणाऱ्यांना सांगायला नको. पण आपल्याच कार्यालयाने वाटाड्या ठरवला नाही, यात अपरिहार्य काहीही नाही. पुढच्या सहलीवर माणशी पाच हजारांची सवलत आपण देऊ केली आहे, ती आम्ही चौघेही नाकारत आहोत.

आमची मागणी अशी. पदभ्रमण सहल आणि बस सहल यांतला फरक, माणशी ३८ हजार, म्हणजे चौघांचे १ लाख ५२ हजार रुपये, ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत करावेत. माझ्या जावेला उद्देशून लेखी माफी द्यावी. मुखपृष्ठावरचे छायाचित्र बदलावे आणि वाटाड्या पक्का झाल्याशिवाय ही सहल ‘पदभ्रमण’ म्हणून विकू नये. आमच्यासोबतच्या इतर प्रवाशांनाही हाच फरक परत मिळावा. त्यांच्यातल्या काहींनी आपल्याला स्वतंत्रपणे लिहिले आहे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास आम्ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाऊ. तक्रारदार राहतो तिथे तक्रार दाखल करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. आम्ही चौघे वेगवेगळ्या तक्रारी करणार आहोत. प्रत्येकाने भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने दाखल करण्याचे शुल्कही लागणार नाही. तत्पूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवत आहोत.

पैसे भरल्याची पावती, माहितीपत्रक, व्हॉट्सअॅप संदेशाचा स्क्रीनशॉट, घरमालकिणीने काढून दिलेल्या नकाशाची प्रत, त्या सकाळी वाटेवर काढलेली वेळेसह छायाचित्रे आणि आपल्या ईमेलची प्रत सोबत जोडली आहे. पत्र स्पीड पोस्टाने पाठवत असून एक प्रत आपल्या ठाणे कार्यालयात समक्ष देऊन पोच घेणार आहे.

आपली,
सहलीतील एक ग्राहक, चौघांच्या वतीने
(नावे, सह्या, पत्ता व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीप्रमाणे)