लंडनच्या मैदानावरून

हॅरो, लंडन

प्रिय सुजाता,

तुझं पत्र मिळालं. शाळेतल्या पोरींना कबड्डी-खोखोच्या जोडीला काहीतरी नवं शिकवायचं म्हणतेस आणि मी दर रविवारी ज्या खेळासाठी घराबाहेर पडते त्याबद्दल सविस्तर लिही म्हणतेस. फोनवर ते जमलं नसतं, म्हणून आज निवांत बसले आहे. तूही चहा घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

आधी खेळ समजून घे. गेलिक फुटबॉल. एका बाजूला पंधरा जणी, आणि मैदान आपल्या नेहमीच्या फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच मोठं, 130 ते 145 मीटर लांब. गोलचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे, आडवी दांडी मध्ये. दांडीच्या खालून जाळ्यात चेंडू गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांडीच्या वरून, पण दोन खांबांच्या मधून गेला की एक गुण. पुरुषांच्या खेळात 2025 पासून लांबून, 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या चेंडूला दोन गुण देतात. चेंडू हातात धरता येतो, पण तो घेऊन चार पावलांपेक्षा जास्त पळता येत नाही. मग एकतर तो जमिनीवर आपटून परत घ्यायचा, नाहीतर बुटाच्या टोकावर सोडून तिथूनच हातात उडवून घ्यायचा. याला सोलो म्हणतात. सलग दोनदा आपटायला बंदी असल्यामुळे सोलो आल्याशिवाय गत्यंतर नाही.

पोरींना शिकवशील तेव्हा सुरुवात सोलोपासूनच कर. आमच्या कोचबाई सांगतात, चेंडू वरून टाकायचाच नाही. हात खाली न्यायचा, गुडघ्याच्याही खाली, आणि चेंडू जवळजवळ बुटावर ठेवल्यासारखा सोडायचा. त्याच क्षणी पायाची बोटं आपल्याकडे वळवायची. लाथ मारायची नाही, नुसता चवडा वर उचलायचा. मग चेंडू उलटा फिरत आपोआप पोटाशी येतो. आधी उभ्या उभ्या, मग चालत, मग पळत. एका पायाने जमलं की दुसऱ्याने, कारण ज्या बाजूला प्रतिस्पर्धी असेल तिच्या उलट्या पायाने सोलो करता यायला हवा. तू कबड्डीत पदलालित्य शिकवतेस, तुला हे दोन दिवसांत उमगेल.

मला यात ओढलं ते ऑफिसातल्या एका मैत्रिणीने. ती आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या मेयो काउंटीची. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. ‘गेलिक फॉर मदर्स अँड अदर्स’ नावाचा त्यांचा एक उपक्रम आहे. ज्यांनी कधी चेंडूला हात लावला नाही अशा बायकांसाठी, बहुतेक करून मुलांना सरावाला सोडायला येऊन बांधावर थांबणाऱ्या आयांसाठी. स्पर्धा नाही, तक्ता नाही. खेळायचं आणि नंतर एकत्र चहा प्यायचा. मी आयरिश नाही, आई नाही, तरी मला कुणी तू कोण म्हणून विचारलं नाही. पहिल्या दिवशी हातात चेंडू दिला आणि जोडीला एक जण दिली, बस. आपण कोल्हापूर सोडल्यापासून मी मैदानावर उतरले नव्हते गं. त्या ओल्या गवताच्या वासानेच मला भरून आलं.

या खेळाची संघटना म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, सगळे जीएए म्हणतात. 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्ल्स गावात हेज हॉटेलच्या एका खोलीत ती स्थापन झाली. मायकल क्यूसॅक हा त्यामागचा मुख्य माणूस. ब्रिटिशांचे खेळ गावोगाव पसरत होते आणि आपले विसरले जात होते, ते टिकवायचे हा हेतू. हे त्यांनी इतकं कडवेपणाने पाळलं की सभासदाने क्रिकेट, रग्बी, हॉकी, सॉकर खेळायचं तर नाहीच, बघायलाही जायचं नाही असा नियम होता. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड संघटनेचे आश्रयदाते होते, ते 1938 मध्ये सॉकरचा सामना बघायला गेले म्हणून त्यांचं नाव काढून टाकलं! ही बंदी 1971 पर्यंत टिकली. मला हा नियम मुळीच पटत नाही. बायकांची वेगळी संघटना मात्र 1974 मध्ये उभी राहिली, तीही थर्ल्सच्या त्याच हेज हॉटेलात. 2019 च्या त्यांच्या अंतिम सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये 56,114 प्रेक्षक होते. हा आकडा तुझ्या पोरींना नक्की सांग.

आता खरं महत्त्वाचं. या खेळात कुणालाही पगार नाही. क्रोक पार्कमध्ये 82 हजार लोकांसमोर खेळणारा माणूस सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला जातो, नाहीतर गोठ्यात दूध काढायला. प्रवासखर्च मिळतो, तेवढंच. आणि तू कुठल्या संघात खेळायचं हे तुझ्या जन्मगावाने ठरतं. चर्चच्या हद्दीतली चार गावं, वाड्या मिळून एक पॅरिश, तिचा एक क्लब. बाप त्यात खेळला, आजोबा खेळले, मग तूही. शिवाजी पेठेतल्या पोराला कुठल्या तालमीचा झेंडा धरायचा हे जसं कुणी शिकवावं लागत नाही तसंच. तुमच्या घरात शाहू स्टेडियमवरच्या तालमींच्या फुटबॉल सामन्यावरून होणारी भांडणं आठव, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

पण आयर्लंड हा पिढ्यान्‌पिढ्या गाव सोडून जाणाऱ्यांचा देश. 1950 च्या दशकात तीस लाखांच्याही आतल्या त्या देशातून चार लाखांवर माणसं बाहेर पडली, त्यातली बहुतेक इथे, इंग्लंडला. किलबर्न, क्रिकलवुड, कॅम्डन टाउनमध्ये खोल्या घेऊन राहिली आणि इमारतींच्या, रस्त्यांच्या कामावर राबली. जन्मगावाशी बांधलेला खेळ अशा माणसांनी कसा खेळायचा? त्यांनी इथेच गावं उभी केली. लंडनमधल्या क्लबांची नावं बघ: टिर कोनेल गेल्स म्हणजे डोनेगलकरांचा, किंगडम केरी गेल्स म्हणजे केरीकरांचा. नवा पोरगा बोटीतून उतरला की आधी क्लबातल्या कुणाला तरी गाठायचा. झोपायला जागा, उद्यापासून काम आणि रविवारी सामना, तिन्ही एकाच दारात. आजही फारसं बदललेलं नाही. आमच्या क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सामन्याच्या वेळेपेक्षा ‘कुणाकडे खोली रिकामी आहे का’ हाच निरोप जास्त वेळा येतो. मी लंडनला आले तेव्हा मला असं एक दार असतं तर पहिला हिवाळा इतका जड गेला नसता.

या लंडनकरांचा मान किती, ते सांगते. आयर्लंडमधल्या काउंट्यांची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकणाऱ्या संघाला जो चषक मिळतो त्याचं नाव सॅम मॅग्वायर. हा माणूस कॉर्कमधल्या डनमॅनवेचा, पण नोकरी लंडनच्या पोस्टात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या स्पर्धेच्या, म्हणजे ऑल आयर्लंडच्या, अंतिम सामन्यात लंडनचा संघही उतरत असे, त्यात तो खेळला आणि हरला. एकदाही जिंकला नाही. पुढे तो स्वातंत्र्याच्या गुप्त कामात पडला, 1927 मध्ये वारला, आणि 1928 पासून त्याच्या नावाचा चषक देऊ लागले. आज अख्खा देश ज्या चषकासाठी जीव टाकतो तो एका परदेशी राहिलेल्या, कधीही न जिंकलेल्या खेळाडूच्या नावाचा आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आणि आता ज्या गोष्टीने माझ्या जिवाला घोर लावला आहे ती. लंडन आणि न्यूयॉर्क हे दोन परदेशी संघ आजही आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कॉनॉट प्रांताच्या स्पर्धेत खेळतात. तिथल्या पाच काउंट्या पाळीपाळीने विमानाने इथे राइस्लिपच्या मॅकगव्हर्न पार्कवर येतात, नाहीतर न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या गेलिक पार्कवर जातात. लंडनने 1977 मध्ये लीट्रिमला हरवलं, आणि त्यानंतर 2013 पर्यंत या स्पर्धेत एकही विजय नाही. 2013 च्या मे महिन्यात मात्र राइस्लिपला स्लायगोला एका गुणाने हरवलं, मग पुन्हा लीट्रिमला, दुसऱ्यांदा खेळवलेल्या सामन्यात, आणि थेट अंतिम फेरी गाठली. तिथे मेयोने मोठा पराभव केला, पण त्या उन्हाळ्याबद्दल इथली माणसं अजून डोळे चमकवून बोलतात.

हे 2013 मध्येच का झालं? कारण 2008 नंतर आयर्लंडमधली बांधकामं बंद पडली, बँका कोसळल्या आणि तरणी पोरं पुन्हा लोंढ्याने बाहेर पडली. लंडनला अचानक चांगले खेळाडू मिळाले. देशाचे बरे दिवस आले की इथले क्लब रोडावतात, वाईट दिवस आले की भरतात. इथे पंधरा जण पुरे पडले की समजावं, तिकडे कुठल्या तरी पॅरिशला तेवढे कमी पडत आहेत.

त्यात ते लीट्रिम. 1841 मध्ये तिथे दीड लाखाच्या वर लोकवस्ती होती. मग दुष्काळ आला, मग शंभर-सव्वाशे वर्षं माणसं जातच राहिली. आज तिथे पस्तीस हजारांच्या आसपास माणसं राहतात. न्यूयॉर्क 1999 पासून या स्पर्धेत खेळत होतं, एकदाही जिंकलं नव्हतं. 2023 च्या एप्रिलमध्ये ते पहिल्यांदा जिंकलं, पेनल्टींवर, आणि समोर कोण होतं? लीट्रिम. ब्राँक्समध्ये रात्रभर जल्लोष चालला. मी ती चित्रफीत पाहिली आणि आनंदही झाला, पण मनातून काही केल्या जाईना, की ज्या काउंटीतून इतकी माणसं निघून गेली तिलाच बाहेर गेलेल्यांचा संघ हरवतो आहे. 2025 च्या सुरुवातीला तर पुरेसे तंदुरुस्त खेळाडूच नाहीत म्हणून लीट्रिमला लीगमधला एक सामना सोडून द्यावा लागला. एका काउंटीला, सुजाता! माझ्या मैत्रिणीच्या पॅरिशने आता शेजारच्या पॅरिशबरोबर मुलांचा संघ एकत्र केला आहे. पूर्वी त्या दोघांत विस्तव जात नसे.

म्हणून मला वाटतं, परदेशातल्या या क्लबांनी नुसत्या येणाऱ्या-जाणाऱ्यांवर भिस्त ठेवू नये. काही वर्षं झाली, घर घ्यायची वेळ आली, की पोरं परत जातात किंवा ऑस्ट्रेलियाला निघून जातात आणि संघ पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागतो. टिकेल तो इथे जन्मलेल्या मुलांच्या जिवावर. आमच्याकडे शनिवारी सकाळी लहान मुलांचा सराव असतो. त्यात आयरिश आजोबांची नातवंडं आहेत तशी पोलिश, नायजेरियन, गुजराती घरांतलीही आहेत. क्लबातल्या काही जुन्या लोकांना हे रुचत नाही, आपलं आपल्यात राहावं असं त्यांना वाटतं. मला त्यांचं दुःख कळतं, पण मत पटत नाही. फ्रान्समधल्या ब्रिटनीत आणि स्पेनमधल्या गॅलिसियात असे संघ आहेत की त्यात बहुतेक सगळे स्थानिकच. युरोपात अनेक ठिकाणी रग्बीच्या मैदानावर खेळावं लागतं, तिथे जागा पुरत नाही म्हणून पंधराऐवजी अकरा जणांचे संघ उतरवतात, पण खेळ चालू आहे. दुबई, सिंगापूर, सोलमध्येही क्लब आहेत. तिथे सराव संपला की डब्लिनचा अभियंता आणि कोरियन शिक्षिका एकाच बाकावर बसून बूट सोडतात.

माझं म्हणशील तर आता मी शनिवारी त्या लहान मुलांना शिकवायला मदत करते. परवा आठ वर्षांच्या एका मुलीला पळता पळता पहिला सोलो जमला. चेंडू हातात आला तशी ती थांबली, खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत पुन्हा पळत सुटली. तिच्या आजोबांनी बांधावरून इतक्या जोरात हाक दिली की बाजूच्या मैदानावरचा सामना क्षणभर थबकला.

तुझ्या शाळेसाठी चेंडू पाठवायची सोय करते. बायकांच्या खेळात चार नंबरचा चेंडू वापरतात, पुरुषांचा पाच नंबरचा त्याहून मोठा आणि जड, तो पोरींच्या हाताला बसणार नाही. हवा काढून पाठवीन, म्हणजे पार्सल लहान होईल. पंप आणि सुई तुमच्याकडे आहेच. एच आकाराच्या खांबांसाठी खर्च करू नका. फुटबॉलच्या गोलच्या दोन्ही खांबांना उंच बांबू बांधले की भागतं, इथेही उद्यानांत तसंच करतात. एक सोपं ध्यानात ठेव, बायकांच्या नियमात चेंडू जमिनीवरून थेट हाताने उचलता येतो. पुरुषांना आधी पायाचं बोट खाली घालावं लागतं. सुरुवातीला पोरींना त्यामुळे फार सोपं जाईल.

किती जणी आहेत ते कळव, म्हणजे किती चेंडू घ्यायचे ते ठरवते. काकूंना नमस्कार सांग. दादाचा गुडघा आता कसा आहे?

तुझी,
मृणाल