कुदळीपेक्षा चाळणी जास्त लागतात

मा. संपादक,

गावोगावच्या गढ्यांचे आणि पांढरीच्या (जुन्या गावठाणाच्या) टेकाडांचे उत्खनन लोकसहभागातून व्हावे, अशी सूचना हल्ली वारंवार कानावर येते. कल्पना चांगली आहे. पण ती मांडणारे खोदायला किती जण येतील, एवढेच धरून चालतात. खोदणाऱ्या एकामागे चाळायला, धुवायला आणि नोंदी ठेवायला निदान तिघे लागतात.

परवानगीशिवाय कुदळ मारायची नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावी लागते आणि काम जाणकार संस्थेच्या देखरेखीखालीच चालते. जमिनीत दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो.

हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. त्याआधी काळ्या मातीत पावसाची ओल बरीच असते, आणि फेब्रुवारीत द्राक्षकाढणीने जोर धरला की आपल्याकडे नाशिकला ना मजूर मिळतो ना ट्रॅक्टर. अवकाळीचा भरवसा नाही, म्हणून रोज संध्याकाळी ताडपत्री टाकायचीच.

खोदाईसाठी आखलेल्या पाच मीटरच्या चौकोनात चारी बाजूंनी अर्धा मीटर सोडून आतले चार मीटरच खोदतात. त्यामुळे दोन चौकोनांमध्ये मीटरभराचा बांध उभा राहतो आणि त्याच्या उभ्या कापावर थर वाचता येतात. हौशी मंडळी नेमकी याच बांधावर बसतात, तिथेच घमेली टेकवतात. कड ढासळते आणि वरचे खापर खालच्या, जुन्या थरात जाऊन पडते.

मध्ययुगीन जागेवर सर्वांत जास्त घोळ घालतात ती पेवे. नंतरच्या लोकांनी धान्यासाठी वरून खणलेले पेव यादवकाळाच्या थरातून आरपार गेलेले असते. त्याची कड चुकली की यादवकालीन म्हणून भरलेल्या पिशवीत चिलमीचा तुकडा निघतो. तंबाखू तर यादवांनंतर, पोर्तुगीजांबरोबर आली! मग ती अख्खी पिशवी संशयात सापडते. कड शोधायला आधी तळ करणीने (गवंड्याच्या थापीने) खरवडून सपाट करायचा, झाडून घ्यायचा आणि फवारणीच्या पंपाने हलके पाणी मारायचे. माती सुकू लागली की पेवातली राखट, भुसभुशीत माती बाहेरच्या घट्ट मातीहून वेगळी दिसते. हे सकाळच्या तिरप्या उन्हातच करावे, भर दुपारी रंग कळत नाहीत. कड सापडली की करणीच्या टोकाने रेघ ओढायची, आधी निम्मेच पेव रिकामे करायचे, कापाचे रेखाटन करायचे आणि मगच उरलेल्याला हात लावायचा. घुशीचे बीळही असाच घोटाळा करते, फक्त ते वेडेवाकडे धावते. पेवातला आणि बिळातला माल थराच्या पिशवीत कधीच घालायचा नाही.

चाळणीचे भोक पाच मिलिमीटरचे असले तर खापरे आणि बांगड्यांचे तुकडे हाती लागतात, बारीक मणी मात्र निसटतात. त्यासाठी दोन मिलिमीटरची दुसरी चाळण हवी. जळके धान्य हवे असेल तर राखेची माती पिंपातल्या पाण्यात सोडायची, वर तरंगणारे काळे दाणे मलमलीवर घ्यायचे आणि सावलीत वाळवायचे. उन्हात ते तडकतात.

खापरे मऊ ब्रशने धुवावीत. आत करपलेला थर असलेली खापरे, लोखंड आणि नाणी यांना मात्र पाणी लावायचे नाही. तांब्याचे नाणे चिंचेने चकचकीत करण्याचा उत्साह तर कटाक्षाने आवरावा, अक्षरेच जातात. प्रत्येक पिशवीत दोन चिठ्ठ्या हव्यात, एक आत आणि एक बाहेर बांधलेली. दोन्हींवर जागा, चौकोन, थर, खोली आणि तारीख पेन्सिलीने लिहावी. बॉलपेनची शाई ओलीने फुटते. चिठ्ठी हरवलेली पिशवी कितीही सुंदर खापरांनी भरलेली असो, ती कुठल्याच थराची राहत नाही.

पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी नाशिकच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. वर मराठा-मुस्लिम काळ, तळाशी ताम्रपाषाणयुग (तांब्याची आणि दगडाची हत्यारे एकत्र वापरायचा काळ), असा तो उभा क्रम. त्याचा अहवाल छापून आला १९५५ मध्ये. मधली वर्षे खापरे वर्गवार लावण्यात, रेखाटण्यात आणि लिहिण्यात जातात, आणि हे ज्यांचे पूर्णवेळ काम होते त्यांना एवढा वेळ लागला.

म्हणून ज्या ग्रामपंचायतींना हौस आहे त्यांनी अर्जाआधी एक कोरडी, कुलपाची खोली मिळवावी आणि तिच्यात लोखंडी रॅक लावावेत. गोण्या जमिनीवर ठेवल्या तर एका पावसाळ्यात उंदीर चिठ्ठ्या फस्त करतात. शिवाय खोदाई संपल्यावर पुढची दोन वर्षे आठवड्यातून दोन दुपारी येऊन खापरे लावत बसतील अशा पाच-सहा जणांची नावे आधीच लिहून घ्यावीत. शाळेतल्या मुलांना धुण्याच्या आणि क्रमांक घालण्याच्या कामात खुशाल घ्यावे, त्यांचे अक्षर मोठ्यांपेक्षा बरे असते. दीड मीटरहून खोल चौकोनात मात्र त्यांना उतरवू नये.

– उत्खननाच्या कामातले काही वाचक, नाशिक