सुपरचार्जरला हात लावण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोटारीच्या सुपरचार्जरचे, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंपाचे, घरच्या घरी पोर्टिंग-पॉलिशिंग (हवेच्या वाटा कोरून, घासून मोकळ्या करणे) कसे करावे, यावर लेख आला. असा विषय छापलात याचा मला आनंद झाला. हाताने केलेल्या कामावर वर्तमानपत्रात फार क्वचित लिहून येते. पण ‘आतला प्रत्येक भाग आरशासारखा चमकेपर्यंत घासा’ हा त्यातला सल्ला सुपरचार्जर कायमचा निकामी करणारा आहे. तो वाचून कोणी ग्राइंडर उचलण्याआधी हे पत्र छापावे, ही कळकळीची विनंती.

मी भोसरीत टूलरूममध्ये डाय (साचे) पॉलिशिंग करत आलो. अॅल्युमिनियम आणि एमरी पेपर यांतच उमेदीची वर्षे गेली. माझा पुतण्या इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ राहतो. तिथल्याच काउली कारखान्यात बनलेली २००४ ची मिनी कूपर एस त्याच्याकडे आहे. १.६ लिटरचे इंजिन, १६३ अश्वशक्ती, आणि त्यावर ईटन कंपनीचा एम४५ सुपरचार्जर. गेल्या हिवाळ्यात त्याने तो गॅरेजमध्ये उतरवला आणि मी इथून व्हिडिओ कॉलवर त्याच्या हातावर लक्ष ठेवून बसलो. आपल्याकडेही सुपरचार्जर असलेल्या सी २०० कॉम्प्रेसर मर्सिडीज जुन्या बाजारात आता बऱ्याच स्वस्त मिळतात, त्यामुळे हा प्रश्न इथल्या मुलांचाही आहे.

एम४५ म्हणजे एका फेऱ्यात ४५ घनइंच, साधारण ७३७ घनसेंटिमीटर हवा. आत पीळ दिलेले, तीन-तीन पाकळ्यांचे दोन फिरते दांडे, म्हणजे रोटर, असतात. रूट्स बंधूंनी १८६० मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेली हीच मूळ कल्पना. रहाटगाडगे जसे पाणी एकीकडे भरून दुसरीकडे ओतते, तशी हवा पाकळ्यांमधल्या कप्प्यात भरून पलीकडे टाकली जाते. कप्प्याच्या आत ती दाबली जात नाही, आणि हे ज्याला नीट कळले त्याने अर्धे पोर्टिंग शिकून घेतले.

हवा बाहेर पडायचे तोंड त्रिकोणी असते. त्याच्या तिरक्या कडा रोटरच्या पिळाशी जुळवलेल्या असतात. पाकळी कडेवरून सरकली की कप्पा उघडतो, मॅनिफोल्डमधली (इंजिनाकडे हवा नेणाऱ्या वाटेतली) दाबाची हवा उलटी आत घुसते आणि खरी दाबणी तिथे होते. ती कडा बाहेर ढकलली तर कप्पा वेळेआधी उघडतो. आत येण्याच्या तोंडाची कडा फार खाल्ली तर कप्पा बंद व्हायला उशीर होतो. दोन्हीकडे हाव केली की ही दोन तोंडे क्षणभर एकाच कप्प्याने जोडली जातात आणि तापलेली हवा मागे गळते. मग चमक कितीही असो, बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, कमीच मिळणार. कापलेली कडा परत आणता येत नाही.

रोटरला तर पेपर लावूच नये. त्यावर मुद्दाम दिलेला लेप असतो आणि रोटर व हाउसिंग (बाहेरचे कवच) यांच्यामधली फट त्या लेपावरच राखलेली असते. बोअरची, म्हणजे रोटर फिरतात त्या पोकळीची, भिंतही तशीच सोडावी. दोन्ही रोटर एका तालात फिरवणारे टायमिंग गिअर शाफ्टवर दाबून बसवलेले असतात, ते काढू नयेत. जरा जरी सरकले तरी मिनिटाला दहा हजारांवर फेरे घेणाऱ्या पाकळ्या एकमेकींना भिडतील.

मग घासायचे काय? आत येण्याच्या वाटेतली ओतकामाची फ्लॅश (साच्याच्या सांध्यावर उरलेली धातूची पातळ कड), खडबडीत पायऱ्या आणि थ्रॉटलकडून येणारा डक्ट जिथे हाउसिंगला मिळतो तिथला उंबरा. पुतण्याला मी आधी मार्किंग ब्लू (खुणेचा निळा रंग) लावायला लावला, गॅस्केट ठेवून स्क्रायबरने रेघ मारून घेतली आणि सांगितले की रेघ शेवटपर्यंत दिसत राहिली पाहिजे. बर (ग्राइंडरचे फिरते दातेरी टोक) घ्यायचा तो अॅल्युमिनियमसाठीचा, मोठ्या दातांचा. बारीक दातांच्या बरमध्ये धातू लगेच भरतो आणि तो कापण्याऐवजी घसरायला लागतो. घसरलेला बर हमखास कडेवरच जातो. दातांना थोडे मेण लावत राहावे. शेवट १२० नंबरच्या पेपरवर थांबावा. या गाडीत पेट्रोल सुपरचार्जरच्या पुढे, सिलिंडरच्या तोंडाशी फवारले जाते. आतून नुसती हवा जाते, तिला आरसा नको, वळण सरळ हवे.

घासताना पडणारा धातूचा कीस हा लेखात पूर्ण सुटलेला भाग. रोटरच्या मागच्या टोकाची नीडल बेअरिंग हाउसिंगमध्येच बसलेली असतात. काम सुरू करण्याआधी ती काढावीत किंवा पूर्ण झाकावीत. नंतर हाउसिंग साबणाच्या गरम पाण्याने, मग कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करावे आणि पांढरे फडके फिरवून बघावे. फडक्यावर एक कण चमकला तरी परत धुवावे, कारण इथून सुटलेला कीस थेट सिलिंडरमध्ये जातो. अॅल्युमिनियमची बारीक भुकटी पेट घेते, म्हणून त्याच टेबलावर लोखंड घासून ठिणग्या उडवू नयेत. मास्क आणि चष्मा हवाच.

आणखी एक. केवळ पोर्टिंगने मिळणारा फायदा थोडाच असतो. सुपरचार्जर फिरवणारी पुली लहान लावून बूस्ट वाढवला तर पेट्रोलचे प्रमाणही तपासून घ्यावे लागते. मिश्रणात पेट्रोल कमी पडले की नॉकिंग (सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट) होते आणि पिस्टन जातो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. रस्त्यावरच्या गाडीला हात लावण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावे.

पुढच्या वेळी असा लेख घ्याल तेव्हा सोबत हाउसिंगचे चित्र द्यावे आणि ज्या कडांना हात लावायचा नाही त्या लाल रंगात दाखवाव्यात. हवे असल्यास ते चित्र मी स्वतः काढून पाठवीन.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कारागीर, भोसरी