विषय: प्रेक्षक-सहभागी नृत्य कार्यशाळेतील दुखापतीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, कार्यशाळा विभाग

महोदय,

गेल्या रविवारी गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये झालेल्या तुमच्या कार्यशाळेला मी सासूबाईंना घेऊन आले होते. दोघींचे २,४०० रुपये ऑनलाइन भरले. फॉर्ममध्ये ‘काही दुखणे आहे का’ या रकान्यात मी स्वतः लिहिले होते: उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, फक्त बसून बघणार. जाहिरातीतही ‘सहभाग ऐच्छिक’ असेच होते.

अर्ध्या तासात दिवे मंद झाले आणि तुमच्या एका नर्तकाने सासूबाईंना हात धरून खुर्चीवरून उठवले, थेट मध्ये नेले. त्या “नको रे बाळा, गुडघा” म्हणत होत्या. लोकांना तोही प्रयोगाचाच भाग वाटला, टाळ्या पडल्या. मग पाठीला पाठ लावून ‘वजन सोडा’ सुरू झाले. पायात मोजे, खाली गुळगुळीत फरशी. त्या घसरल्या त्या मनगटावरच. हाड शाबूत आहे, पण पंधरा दिवस पट्टा आणि पोळ्या लाटायला मी.

तुमच्या पत्रकात अमेरिकन नर्तक स्टीव्ह पॅक्सटन आणि त्यांनी १९७२ साली सुरू केलेल्या काँटॅक्ट इम्प्रोव्हायझेशनचे, म्हणजे एकमेकांना स्पर्श करत, एकमेकांवर वजन टाकत उत्स्फूर्तपणे करायच्या नृत्याचे, नाव ठळक आहे. मी आठ वर्षे कथक शिकले, थोडे वाचलेही आहे. पॅक्सटन यांचे सुरुवातीचे प्रयोग कुस्तीच्या मॅटवर झाले. पडायचे कसे हा त्या शिक्षणाचाच भाग असतो. तुमच्याकडे मॅट सोडा, सतरंजीही नव्हती.

प्रेक्षकांना सामील करून घ्यायला माझी ना नाही. गोंधळात ‘उदो’ आपण सगळेच म्हणतो. पण म्हणून गोंधळी कुणाला ओढून संबळापुढे उभे करत नाही.

त्यावर कडी म्हणजे, पडतानाचा व्हिडिओ सोमवारी तुमच्या इन्स्टाग्रामवर ‘उत्स्फूर्त क्षण’ म्हणून झळकला. सासूबाईंना तो भिशीतल्या मैत्रिणींकडून कळला. फोन केला तर उत्तर मिळाले, “पॉलिसीत बसत नाही.”

व्हिडिओ आजच काढा. शुल्क आणि एक्सरे-औषधांचे १,३५० रुपये पंधरा दिवसांत परत करा. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सासूबाईंनी एवढे लिहायला सांगितले आहे की त्या मुलाला कामावरून काढू नका. त्याने दोनदा माफी मागितली, आणि आमचा फॉर्म त्याला कुणी दाखवलाच नव्हता.

आपली,
एक ग्राहक, इंदिरानगर, नाशिक

सोबत: पावती, भरलेल्या फॉर्मची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी, बिले