बाबा, श्वास रोखायची पैज लावू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा घड्याळ समोर ठेवून, तोंड लाल होईपर्यंत श्वास रोखायचा सराव करतात, असं आईकडून कळलं. बाबा, तो आधी बंद करा. तुमच्या दमाची परीक्षा नाहीये ही, एमआरआय मशीनने लिव्हरमधली चरबी मोजायचीय फक्त.

श्वास घेतला-सोडला की छातीखालचा पडदा वर-खाली होतो आणि त्याला लागून असलेलं लिव्हरही सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर सरकतं. म्हणून थांबायला सांगतात. चरबी मोजतात ती अशी: पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनचे सिग्नल किंचित वेगळ्या गतीने फिरतात. १.५ टेस्लाच्या (ही चुंबकाची ताकद) मशीनमध्ये हा फरक सेकंदाला सुमारे २२० फेऱ्यांचा. मशीन काही मिलिसेकंदांच्या आत पुन्हापुन्हा, बहुधा सहा वेळा, सिग्नल टिपतं आणि त्यावरून दोघांचा वाटा काढतं. अख्ख्या लिव्हरचं असं करायला साधारण १५ ते २० सेकंद लागतात.

पण हे सेकंद कमी करता येतात. बारीकशी गाठ शोधायची असेल तर चित्र रेखीव लागतं. चरबी बहुतेक वेळा लिव्हरभर पसरलेली असते, त्यामुळे चित्र थोडं जाडंभरडं आलं तरी टक्केवारीत फारसा फरक पडत नाही. शिवाय काम दोनदा थोडा-थोडा वेळ श्वास रोखून वाटून घेता येतं, किंवा थोडेच सिग्नल घेऊन बाकीचं गणिताने भरून काढता येतं. काही मशीनवर तर नेहमीसारखा श्वास चालू ठेवूनही मोजतात. त्याला काही मिनिटं जास्त लागतात, एवढंच. खरा घोळ होतो तो जिद्दीने १८ सेकंद ताणून एकोणिसाव्याला सुस्कारा सोडणाऱ्यांचा! चित्र हलतं, आकडा बिघडतो आणि पुन्हा आत झोपावं लागतं.

आई, बाबा सांगणार नाहीत, म्हणून आत जायच्या आधी टेक्निशियनला तूच सांग, "यांना दहा-बारा सेकंदांच्या वर जमत नाही." सेटिंग त्यांनाच बदलायचं असतं, आणि ते आधी कळलेलं बरं. श्वास घेऊन थांबायचं की सोडून, तेही विचारून घे. बाबा, ते सांगतील तसंच दर वेळी करा, म्हणजे लिव्हर त्याच जागी राहील.

रिपोर्टात चरबीची टक्केवारी असेल. साधारण पाचच्या वर असेल तर फॅटी लिव्हर म्हणतात. आकडा आला की मला कळवा, आणि जुना सोनोग्राफीचा रिपोर्ट बरोबर न्यायला विसरू नका.

तुमची,
मनू