नोंदणीच्या कागदात नसलेला प्रश्न

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सामाजिक उद्योग सुरू करणाऱ्यांविषयी आपल्या दैनिकात आपुलकीने छापून येते. ते वाचून मलाही हुरूप आला. आता स्वतः त्या उंबरठ्यावर उभी आहे, म्हणून हे पत्र.

मी बँकेत ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. राहते बडोद्याच्या दांडिया बाजारात. सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले आणि त्या ११ महिने अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला येणारी फिजिओथेरपिस्ट आणि मी, अशा दोघी मिळून रुग्णांना लागणारे साहित्य भाड्याने देणार आहोत. वर-खाली होणारा पलंग, हवेची गादी, वॉकर, कमोडची खुर्ची. या वस्तू लोक चार-सहा महिन्यांसाठी विकत घेतात, मग त्या माळ्यावर जातात, आणि त्याच वेळी पलीकडच्या गल्लीत कुणीतरी त्यांच्यावाचून अडलेले असते. सयाजीराव महाराजांच्या राज्यात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत असत. तसे पलंग फिरावेत, एवढीच कल्पना.

दसऱ्याला नोंदणी करायचे ठरले होते. ट्रस्ट करावा की कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढावी, यासाठी सल्लागाराकडे दोन खेपा झाल्या. नाव, पत्ता, भांडवल, उद्दिष्टे, सगळे लिहून घेतले गेले. हे काम तुम्हाला का करायचे आहे आणि तुम्हा दोघींचे जमणार कसे, हे मात्र कुठल्याच कागदात नव्हते. म्हणून एका संध्याकाळी आम्हीच ते वेगवेगळ्या कागदांवर लिहिले आणि कागद अदलाबदल केले.

माझ्या कागदावर पहिला शब्द होता ‘सेवा’. तिच्या कागदावर होते, ‘मला दरमहा पगार हवा आणि कुणाच्या हाताखाली राहायचे नाही.’ वाचून मला लागले. रात्री विचार केला तेव्हा उमगले, की मला पेन्शन आहे. ती ३४ वर्षांची, घराचे हप्ते चालू, मुलगी दुसरीत. महिन्याची सोय झालेली असल्यामुळेच मला सेवा म्हणणे सोपे जात होते. कलम ८ च्या कंपनीत नफा वाटून घेता येत नाही, पण प्रत्यक्ष केलेल्या कामाचा रास्त मोबदला घेता येतो. तिचा पगार पहिल्या महिन्यापासून खर्चात धरायचा, हे दुसऱ्या दिवशी मीच लिहिले.

पण ती माझ्या कागदावर समाधानी नव्हती. म्हणाली, “काकू, हे चारचौघांत सांगण्यासारखं झालं. खरं लिहा ना.”

खरे असे, की डॉक्टरांनी हवेची गादी आणायला सांगितली तेव्हा ‘थोड्या दिवसांसाठी एवढा खर्च कशाला’ म्हणत मी ३ आठवडे घालवले. तेवढ्यात आईंच्या पाठीला जखमा झाल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, हेही मला कळायला उशीर झाला. तेराव्याला सगळे म्हणत होते, सुनेने फार केले हो. मी गप्प बसले. त्या जखमा पहिल्यांदा पाहिल्या होत्या या मुलीनेच. ते लिहून तिच्या हातात दिले तेव्हा दोघींनाही रडू आले.

या मनःस्थितीत मी दुकानाशी बसले, तर दारात येणाऱ्या प्रत्येकाला अनामत माफ करीन आणि वर्षभरात काम बुडवीन. म्हणून सवलत कुणाला द्यायची ते एकटीने ठरवायचे नाही, असे मी लिहून दिले आहे. बँकेत तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते. एक किल्ली एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. इतकी वर्षे त्या पद्धतीत काम करूनही घरात मात्र सगळ्या किल्ल्या माझ्याच कमरेला राहिल्या. सून म्हणून, आई म्हणून मी कुणाला विचारून काही केले असे मला आठवत नाही. भागीदारीत हा स्वभाव चालणार नाही, आणि तो ६१ व्या वर्षी आपोआप जाणारही नाही. तिची अडचण निराळी आहे. ती फोनवरच ‘हो, आज संध्याकाळी पाठवते’ म्हणून मोकळी होते आणि वस्तू शिल्लक आहे का ते नंतर बघते. आता शब्द देण्याआधी वही बघायची, असे ठरले आहे.

माझी घाईही मला नडते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत केला आणि सगळ्या संस्थानाला लागू केला तो १९०६ मध्ये. हाती सत्ता असलेला राजा १३ वर्षे थांबू शकतो. आम्ही नोंदणी होळीपर्यंत पुढे ढकलली आहे. तोवर आईंचा पलंग, तीच गादी आणि दोन वॉकर ओळखीच्या घरांत भाड्याने देऊन बघतो आहोत. पलंग सध्या कारेलीबागेत एका आजोबांकडे आहे. गादीचा पंप एकदा बिघडला, दुरुस्तीला ४ दिवस गेले आणि दुसरा पंप हाताशी हवा हे समजले.

आपल्याला एक विनंती आहे. अशा कामांवर लिहिताना भागीदारांना त्यांचे हेतू आणि भांडणेही विचारा. आणि ज्यांची कामे भागीदारांचे पटले नाही म्हणून बंद पडली, त्यांना बोलते करा. बडोद्यात असे कुणी असतील तर त्यांच्या घरी येऊन ऐकायची आम्हा दोघींची तयारी आहे.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदे