सूचना : पावसाळ्याआधी कॉमिक्सची पाकिटे बदलून घ्या

सर्व सभासदांना नमस्कार,

पावसाळा तोंडावर आहे. ज्यांच्याकडे जुन्या इंद्रजाल कॉमिक्सचे अंक आहेत, त्यांनी ते कोणत्या पाकिटांत ठेवलेत ते या आठवड्यातच पाहावे. १९६४ साली सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली, त्यामुळे खराब झालेला अंक पुन्हा मिळवणे कठीणच.

पीव्हीसीची पाकिटे आधी काढून टाका. हाताला चिकट लागणारी, उग्र प्लॅस्टिकचा वास येणारी पाकिटे बहुधा तीच. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ बाहेर येतो आणि मुखपृष्ठाची शाई प्लॅस्टिकला चिकटते. माझा एक अंक असाच गेला, अजून चुटपुट लागते.

रोजच्या संग्रहाला पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची पाकिटे पुरतात; काही वर्षांनी ती पिवळसर पडली की बदलायची. मोजक्या दुर्मिळ अंकांसाठी पॉलिएस्टर, म्हणजे मायलार घ्या. महाग आहे, पण वर्षानुवर्षे टिकते. विकत घेण्याआधी आपला अंक पट्टीने मोजा, कारण अमेरिकी मापाची पाकिटे आपल्या अंकांना नेमकी बसतीलच असे नाही. दोन्ही बाजूंना थोडी जागा सुटली पाहिजे. गोंदाची पट्टी झाकणावर असेल तर अंक काढताना मुखपृष्ठ फाटते; ती पाकिटाच्या पाठीवर असलेली बरी.

मागे आधाराला वहीचा करडा पुठ्ठा नको, आम्लमुक्तच हवा, म्हणजे कागद खराब करणारे आम्ल नसलेला. दमट हवेत अंक भरू नका, नाहीतर ओल आतच राहते आणि पिना गंजतात.

एकत्र मागणी नोंदवायची असल्यास माप आणि संख्या रविवारपर्यंत कळवा.